लोणारची वाट : स्थानवंदनाचा एक पाठ

परमेश्वरावताराच्या सन्निधानात जीवाला जे सहज लाभत होते, ते असन्निधानात कशाच्या आधाराने लाभावे, या प्रश्नाला पंथाने चार उत्तरे दिली आहेत : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. या चौघांत स्थानाचे एक वेगळेपण आहे. प्रसाद जवळ ठेवता येतो, भिक्षुक आपल्या दारी येऊ शकतो, वासनिक आपल्याच गावात भेटतो. स्थान मात्र जागचे हलत नाही. त्याच्याकडे साधकालाच जावे लागते. म्हणून स्थानवंदनाच्या विचारात वाटेचा विचार आपोआप येतो. वाट चुकली तर स्थान चुकते. आणि वाट न चुकताही, गावात पोचून, नेमक्या दगडाशी उभे राहूनही, दृष्टी चुकली तर स्थान चुकते ते चुकतेच.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे या दुसऱ्या प्रकारच्या चुकीचे मोठे ठिकाण आहे. येथे दरवर्षी असंख्य प्रवासी येतात, विवराच्या कडेवर उभे राहून पाणी पाहतात आणि निघून जातात. त्यांत पंथाचे उपदेशीही असतात. त्यांच्या हाती गावाचे नाव लागते, स्थान लागत नाही. प्रस्तुत पाठाचा हेतू एवढाच की, लोणारला कसे जावे, तेथे कसे फिरावे आणि त्या फिरण्याला स्थानवंदनाचे रूप कसे यावे, याची क्रमाने मांडणी करावी.

१. पायांनी घडलेले ग्रंथ

लीळाचरित्र आणि स्थानपोथी हे दोन्ही ग्रंथ चालण्यातून घडलेले आहेत, हे अभ्यासकाने प्रथम ध्यानी घ्यावे. सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या, त्या एका जागी बसून नव्हे. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे जाऊन, श्रीनागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन त्यांनी त्या लिहिल्या. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इसवी सनाच्या १२७८ च्या आगेमागे, हे कार्य रिद्धपूरला झाले असे मानले जाते. लीळा कोणी सांगितली याला जेवढे महत्त्व, तेवढेच ती कोठे घडली यालाही त्यांनी दिले.

पुढच्या शतकात तयार झालेली स्थानपोथी, जी परंपरेने मुनिव्यासांची मानली जाते, ती तर केवळ स्थळांसाठीच लिहिलेली आहे. तिच्यात कथा नाही, निरूपण नाही, वर्णनाचा पसारा नाही. गाव, गावाची दिशा, देऊळ, देवळाचे तोंड, चौक, पटिशाळा, दारवंठा, विहीर आणि त्यांच्या अनुरोधाने अमुक जागी आसन, अमुक जागी आरोगणा, अमुक जागी परिश्रय, असा तिचा क्रम असतो. कोरडी वाटणारी ही पोथी घरात बसून वाचणाऱ्याला कंटाळवाणी होते, यात नवल नाही. ती घरात वाचण्यासाठी लिहिलेलीच नाही. तिचे वाचन पायांनी करावयाचे असते.

दीर्घकाळ ही पोथी सकळ लिपीच्या आड राहिली आणि मठामठांतून हस्तलिखितांच्या रूपाने जपली गेली. तिच्या आधुनिक अभ्यासाशी बुलढाणा जिल्ह्याचा निकटचा संबंध आहे. स्थानपोथीचे संपादक डॉ. विष्णु भिकाजी कोलते (१९०८–१९९८) हे मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. आणि त्यांच्या संपादनाची १९७६ ची आवृत्ती मलकापूरहूनच निघाली. ज्या जिल्ह्यात लोणार आहे, त्याच जिल्ह्यात पोथीचा शोध घेणारा पुरुष जन्मला, हे लोणारला जाणाऱ्याने जाता जाता आठवावे.

२. एकांकातील लोणार

लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. एकांक म्हणजे भक्तपरिवार भोवती जमण्यापूर्वीच्या, स्वामींच्या एकाकी भ्रमणाच्या लीळा. लोणारचे स्थान या एकांकात आहे. मेहकर, म्हणजे पोथीतील मेघंकर, हेही याच भ्रमणातील गाव. लोणार येथे यादव राजा कान्हरदेव याची आणि स्वामींची भेट झाली, ही लीळा प्रसिद्ध आहे.

हा कान्हरदेव म्हणजे देवगिरीचा कृष्ण यादव. त्याचा राज्यकाल १२४६ ते १२६१ असा आहे. त्याच्यामागून त्याचा भाऊ महादेव आणि १२७१ पासून रामचंद्र गादीवर आला. म्हणजे कान्हरदेवाची भेट १२६१ पूर्वीचीच असली पाहिजे. आणि ती एकांकात येते, हे त्या कालक्रमाशी जुळते. लीळांचा क्रम आणि राजांचा क्रम एकमेकांस असा दुजोरा देतात, तेव्हा पोथी ही केवळ श्रद्धेची वस्तू नसून सावध नोंदही आहे, हे अभ्यासकाला पटते.

या भेटीत प्रवासाच्या दृष्टीने एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. राजा लोणारला येतो तो राजा म्हणून. त्याच्यामागे त्याचे राज्य येते. स्वामी येतात ते एकटे, संग्रहाशिवाय, वाहनाशिवाय. दोघेही एकाच गावात येतात, एकच पाणी पाहतात. परंतु राजाच्या येण्याने ते गाव स्थान झाले नाही. स्वामींच्या येण्याने झाले. यावरून पाठाचा पहिला मुद्दा सिद्ध होतो : स्थानाचे महत्त्व स्थळाच्या सौंदर्यात नाही, प्राचीनतेत नाही, कोणाच्या वैभवात नाही. ते संबंधात आहे.

३. गावापर्यंतचे मार्ग

लोणार हे तालुक्याचे गाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशी आहे. तेथे रेल्वे जात नाही. शेवटचा टप्पा रस्त्यानेच करावा लागतो. चारी बाजूंनी येणाऱ्यांचे मार्ग पुढीलप्रमाणे लक्षात ठेवावेत.

खानदेशाकडून वा मुंबईकडून रेल्वेने येणाऱ्याने भुसावळ–नागपूर मार्गावरील मलकापूरला उतरावे. तेथून मोताळा, राजूर घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर असा रस्ता आहे. हा मार्ग लांबचा, परंतु जिल्ह्याचा आडवा छेद दाखवणारा आहे : पूर्णेच्या खोऱ्यातील काळी सपाटी, मग अजिंठ्याच्या रांगेची चढण आणि वर आल्यावर पैनगंगेचा प्रदेश. नागपूर, अमरावतीकडून येणाऱ्यास शेगावला उतरून खामगाव, मेहकर असे येता येते. मराठवाड्यातून येणाऱ्यास जालना हे सोयीचे स्थानक. जालना, सिंदखेड राजा, दुसरबीड, बीबी, सुलतानपूर असा रस्ता येतो आणि सुलतानपूरहून लोणारचा फाटा फुटतो. तेथून गाव सुमारे १२ किलोमीटर आहे. मेहकर ते लोणार हे अंतर सुमारे २५ किलोमीटर, तर बुलढाणा ते लोणार सुमारे ९० किलोमीटर धरावे. या सर्व रस्त्यांवर राज्य परिवहनाच्या गाड्या जातात. परंतु थेट गाडी मिळेलच असे नाही. मेहकरला गाडी बदलण्याची तयारी ठेवावी आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्थानकात उतरताच विचारून घ्यावी.

स्वतःचे वाहन असणाऱ्यांस समृद्धी महामार्ग उपलब्ध आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि मुंबईपर्यंतचा संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. जिल्ह्यात मेहकर, दुसरबीड आणि सिंदखेड राजा येथे त्यावरून उतरता येते. वेळ पुष्कळ वाचतो हे खरे. परंतु हा रस्ता गावांना बाजूला ठेवून जातो. ज्याला वाटेत मेहकर करावयाचे आहे, त्याने येताना वा जाताना एकदा तरी जुन्या रस्त्याने जावे.

वाटेवरच्या सिंदखेड राजाचा उल्लेखही येथे उचित होईल. हे लखुजी जाधवरावांचे गाव. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस येथे मानला जातो व दरवर्षी साजरा होतो. जाधवराव आपला वंश देवगिरीच्या यादवांशी जोडत. ज्या कुळाचा राजा लोणारला स्वामींना भेटला, त्याच कुळाशी नाते सांगणारे घराणे तीन-साडेतीन शतकांनंतर त्याच टापूत नांदत होते.

ज्यांना या प्रवासाला जोडून जाळीचा देव करावयाचा असेल, त्यांनी ते लोणारच्या जवळच आहे अशा समजुतीने निघू नये. ते शेजारच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरात, बुलढाण्याच्या पश्चिमेस आहे. लोणार आणि जाळीचा देव यांना एक दिवस पुरत नाही. एका दिवसात चार गावे उरकण्याची घाई ही स्थानवंदनाची मोठी वैरीण आहे.

साधुमार्गाने पायी अटन करणाऱ्यांस वरील गाड्यांचा हिशेब नको. त्यांनी मेहकरहून निघून वाटेत मुक्काम करीत यावे, हे त्यांच्या आचाराला साजेल. परंतु जो गाडीने येतो, त्यानेही निदान गावात पोचल्यावर पायी व्हावे. पोथीतील अंतरे पावलांची आहेत. चाकांवरून ती कळत नाहीत.

४. गाव आणि विवर

लोणारचे विवर आघाती आहे. अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने दख्खनच्या काळ्या दगडात ते पडले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर आहे. पूर्वी त्याचे वय ५० हजार वर्षांच्या आसपास समजत; अलीकडच्या कालमापनाने ते साडेपाच लाख वर्षांहून अधिक ठरवले आहे. तळाशी खारे, क्षारयुक्त सरोवर आहे. गावाच्या नावातच लवण आहे. आणि विष्णूने लवणासुराला येथे मारले अशी पुराणकथा लोक सांगतात. आईन-ए-अकबरीतही येथील क्षाराची दखल आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे ठिकाण पाहून नोंदवल्यापासून पाश्चात्त्य अभ्यासकांचे लक्ष इकडे गेले. १९७९ मध्ये ते राष्ट्रीय भूवारसा म्हणून जाहीर झाले, २००० मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये रामसर करारातील पाणथळींच्या यादीत आले. त्याच वर्षी जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तसे झाल्याचे परीक्षणात आढळले.

गावात दैत्यसूदनाचे विष्णुमंदिर आहे. उंच जोत्यावरचे, तारकाकृती विधानाचे, आतील छतापर्यंत कोरलेले हे देऊळ यात्रेकरूने सावकाश पाहावे. त्याला व येथील इतर जुन्या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणण्याची प्रथा आहे. वास्तविक हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र यांच्या काळचा अधिकारी. ही बांधणी त्याच्या पूर्वीपासून चालत आलेली आहे. कान्हरदेवाच्या काळी उभ्या असलेल्या देवळाला हेमाद्रीचे नाव देणे म्हणजे कालविपर्यास होय. पंथाच्या अभ्यासकाने तरी हा शब्द जपून वापरावा.

विवराच्या कडेवर धारातीर्थ आहे. येथे गोमुखातून गोड्या पाण्याची अखंड धार पडते. खाली खारे सरोवर आणि वर बारमाही गोडे पाणी, हा लोणारचा विशेष आहे. या धारेजवळच कुमारेश्वराचे देऊळ आहे. येथून पायवाट खाली उतरते. सरोवराच्या काठाने कमळजादेवीचे देऊळ आणि झाडीत झाकलेली इतर अनेक लहानमोठी शिवालये आहेत. काही उभी, काही ढासळलेली. गावाच्या बाजूस लिंबी बारव आहे. मुख्य विवराच्या उत्तरेस थोड्या अंतरावर अंबर तळे आणि तेथे निद्रिस्त मारुतीचे देऊळ आहे.

फिरण्याचा क्रम असा ठेवावा. पहिल्या दिवशी सायंकाळी पोचून मुक्काम करावा आणि गावातील देऊळ पाहावे. दुसऱ्या दिवशी पहाटे धारेपासून आरंभ करून, ऊन चढण्यापूर्वी खाली उतरावे. खालचा परिसर अभयारण्याचा असल्याने वन विभागाच्या चौकीवर वेळा व अनुमती विचारून घ्यावी. सोबतीशिवाय, विशेषतः वृद्धांनी व स्त्रियांनी, झाडीत एकटे जाऊ नये. पिण्याचे पाणी वरूनच न्यावे; सरोवराचे पाणी पिण्याचे नाही. पावसाळ्यात उताराचा दगड निसरडा होतो. कार्तिक ते माघ हे महिने चालण्यास उत्तम. काठाचा फेरा सुमारे चार किलोमीटरचा आहे. मात्र अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी वाढून काठावरची काही देवळे पाण्याने वेढली गेली आहेत. म्हणून पूर्वी कोणी संपूर्ण फेरा केला होता, एवढ्या आधारावर आपणही करू, असे धरून चालू नये. वाट पाण्यात गेली असेल तर तेथूनच दंडवत घालून फिरावे. उतरण्यापेक्षा चढणे कठीण, हेही वृद्धांनी आधी लक्षात घ्यावे.

५. स्थिर खुणा आणि चल खुणा

आता पाठाचा मुख्य भाग येतो. पोथी हाती घेऊन गावात उभे राहिल्यावर अडचण कोठे येते? पोथीतील खुणा दोन प्रकारच्या असतात. काही स्थिर : डोंगराची कडा, झऱ्याचे मूळ, दगडी देवळाचे जोते, गर्भगृहाचे तोंड. काही चल : झाड, घर, वाडा, कुंपण, पाण्याचा काठ, गावाची वेस. सातशे वर्षांत चल खुणा जातात. झाड पडते, वाडा ओसाड होतो, वेस पुढे सरकते. लोणारला तर पाण्याचा काठसुद्धा दरवर्षी बदलतो. एका उन्हाळ्यात जेथे चिखल होता तेथे दुसऱ्या वर्षी पाणी असते.

म्हणून नियम असा की, आधी स्थिर खूण निश्चित करावी आणि तिच्यापासून पोथीची दिशा मोजावी. काठावरून कधीही मोजू नये. धारेपासून मोजावे, देवळाच्या जोत्यापासून मोजावे. दिशा घेताना होकायंत्र असेल तर उत्तम. नसेल तर उगवत्या सूर्यावरून घ्यावी, परंतु उत्तरायण-दक्षिणायनाने सूर्य सरकतो याचे भान ठेवावे. पौषातील उगवती आणि ज्येष्ठातील उगवती एक नव्हे.

दुसरी अडचण उजव्या-डाव्याची. पोथीत एखादी जागा देवळाच्या उजवीकडे म्हटली असेल, तर ती देवाच्या उजव्या हाताची की आत जाणाऱ्याच्या? दोन्ही अर्थ घेऊन पाहावेत आणि शेजारच्या दुसऱ्या एखाद्या स्थानाच्या वर्णनाशी कोणता अर्थ जुळतो ते तपासावे. पूर्वाभिमुख देवळात देवाची उजवी बाजू दक्षिणेस येते, तर आत जाणाऱ्याची उजवी बाजू उत्तरेस. एवढ्या एका भेदाने ओटा विरुद्ध बाजूला जाऊ शकतो.

तिसरी अडचण शब्दांची. अवस्थान, वसती, आसन, चरणांकित हे शब्द एकमेकांच्या जागी वापरण्याचे नव्हेत. जेथे काही दिवस राहणे झाले ते अवस्थान. जेथे रात्रीची वस्ती झाली ते वसतीस्थान. जेथे बसणे झाले ते आसन. जेथून चालणे झाले ते चरणांकित. जो सर्वांना सरसकट स्थान म्हणून पुढे जातो, त्याला पोथीने दिलेल्या तपशिलाचा लाभ होत नाही. स्मरण करावयाचे ते लीळेचे. आणि लीळा बसण्याची की चालण्याची, हे ठाऊक नसेल तर स्मरण कशाचे करणार?

चौथी गोष्ट मतभेदाची. स्थानिक परंपरा एक जागा दाखवते आणि पोथीचा अर्थ दुसरीकडे बोट दाखवतो, असे पुष्कळ गावी घडते. अशा वेळी तेथल्या तेथे निवाडा करू नये. स्थानिक ओट्यास दंडवत घालावा, पोथीतील दिशा आपल्या वहीत नोंदवावी आणि परत आल्यावर ती नोंद आपल्या महंतांपुढे ठेवावी. पाठभेद, हस्तलिखिते आणि आम्नाय यांचा विचार करून निर्णय करणे हे अधिकारी पुरुषांचे काम आहे. यात्रेकरूचे काम खरी नोंद आणणे. लोणारविषयीच्या पोथीतील ओळीही यात्रेकरूने निघण्यापूर्वी आपल्या महंतांकडून समजावून घेऊन, स्वहस्ते उतरवून घेऊन जाव्यात. ऐकीव माहितीवर निघू नये.

६. देवतेच्या देवळात परमेश्वराचे स्थान

लोणारला उपदेशी मनुष्याच्या चित्तात एक शंका येणे स्वाभाविक आहे. येथे जिकडे पाहावे तिकडे विष्णू, शिव आणि देवी यांची देवळे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत असे ज्याने ऐकले आहे, ज्याने अनन्यभक्तीचा स्वीकार केला आहे, त्याने अशा ठिकाणी मस्तक कोठे ठेवावे?

उत्तर पोथीच्या रचनेतच आहे. स्वामींच्या काळी गावाबाहेरचे वा गावातले देऊळ हे वाटसरूचे निवासाचे ठिकाण होते. कोणाच्या घराचा आश्रय न घेता, कोणावर भार न घालता राहता येईल अशी ती जागा. म्हणून पोथीत देवळे पदोपदी येतात. परंतु ती येतात खूण म्हणून. अमुक देवळाच्या चौकात आसन, असे म्हटले म्हणजे वंद्य ते आसन होय. देऊळ हा त्या आसनाचा पत्ता होय. पत्त्यावर राहणारा आणि पत्ता यांत जो भेद, तोच येथे आहे.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्वामींनी मातापूर आणि कोल्हापूर येथे जाण्याचा निषेध केला, तो ती स्थाने साभिमान आहेत म्हणून. निषेध नावाने केलेला आहे, सरसकट नाही. आणि लोणारला तर स्वामी स्वतः गेले आहेत. त्यावरून दोन्ही टोके टाळता येतात. देवळे आहेत म्हणून लोणारला जाऊच नये, हे एक टोक. गेलोच आहोत तर प्रत्येक देवळात नवसाचा नारळ ठेवावा, हे दुसरे. स्वामींचा संबंध हे जाण्याचे कारण आहे आणि तोच तेथील आचरणाची मर्यादाही आहे.

मर्यादेचा अर्थ तुच्छता नव्हे. धारेवर स्नानाला आलेल्या, कमळजेच्या दर्शनाला उतरणाऱ्या मंडळींच्या उपासनेचा उपमर्द वाणीने वा मुद्रेने होता कामा नये. ज्या पंथाने मुंगीचे चित्तही दुखवू नये असे शिकवले, त्याचा अनुयायी सहयात्रिकाचे चित्त कसे दुखवील?

७. पाषाण, झाड आणि जल

संबंधी पाषाण ‘विशेष’ म्हणून जतन करण्याची परंपरा पंथात आहे आणि परंपरेने आलेले विशेष वंद्यच आहेत. परंतु या परंपरेचा आधार घेऊन कोणी देवळाच्या जोत्याचा वा ओट्याजवळच्या दगडाचा टवका काढू पाहील, तर त्याचा विचार स्पष्टपणे केला पाहिजे. लोणारची अनेक देवळे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. १९५८ च्या कायद्याने त्यांना अपाय करणे हा गुन्हा आहे. खालचे रान अभयारण्य असल्यामुळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तेथून काही नेणे निषिद्ध आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी विचार तोच निघतो. प्रत्येक यात्रेकरूने एकेक तुकडा नेला, तर काही वर्षांनी स्थानाचा पत्ता सांगणारा दगडच उरणार नाही. स्थिर खूण चल होईल. पोथी असेल, परंतु ती कोणत्या जोत्याकडे बोट दाखवते ते कोणालाही सांगता येणार नाही. स्थान नेता येत नाही हेच तर त्याचे वेगळेपण. ते नेऊ पाहणारा प्रसाद मिळवीत नाही. मागून येणाऱ्यांचे स्थान हरण करतो.

तसेच नवे रंग, नवी फरशी, नवा चुना यांचेही. सेवा करण्याची इच्छा चांगली. परंतु जुन्या पायरीवर नवी फरशी बसली की दिशेची एक खूण बुजते. एखाद्या स्थानाची डागडुजी करावयाची झाल्यास आधी चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मापे नोंदवावीत, महंतांची आज्ञा आणि संबंधित कार्यालयाची अनुमती घ्यावी, मग हात लावावा.

रानातील मोर, घोरपड, पाखरे यांना त्रास होऊ नये म्हणून मोठ्याने जयघोष करणेही टाळावे. नामस्मरणाला मोठा आवाज लागत नाही. बरोबर नेलेली कागद-पिशवी बरोबर परत आणावी. अहिंसा ही सूत्रात वाचून संपत नाही. ती येथे, उताराच्या पायवाटेवर, पाऊल कोठे ठेवतो यात दिसते.

८. उपसंहार

एकूण विचाराचा निष्कर्ष असा. लोणारला जाण्याचे मार्ग आज सोपे झाले आहेत. एकेकाळी दिवसांचा असलेला प्रवास तासांचा झाला आहे. परंतु जाणे सोपे झाले म्हणजे पोचणे सोपे झाले असे नव्हे. घाईने आलेला मनुष्य विवर पाहतो आणि ते पाहण्याजोगे आहे यात संशय नाही. पोथी घेऊन आलेला मनुष्य एका जोत्यापाशी थांबतो, दिशा पाहतो, उजवे-डावे पडताळतो, शेजारच्या माणसाला विचारतो आणि मग दंडवत घालतो. त्याला लागलेला वेळ वाया गेलेला नसतो. तेवढा वेळ त्याचे चित्त लीळेपाशीच असते. आणि असन्निधानात स्थानाने करावयाचे ते हेच काम आहे.

साडेसातशे वर्षांहून अधिक काळ हे पत्ते जपले गेले, ते कोणा राजाच्या शिलालेखामुळे नव्हे. कोणी तरी चालत गेला, पाहून आला, लिहून ठेवले. मागच्याने ते उतरून घेतले आणि पुन्हा चालत गेला. ही साखळी प्रत्येक पिढीत एकदा तुटू शकते आणि प्रत्येक पिढीत एकदा जोडावी लागते. लोणारला निघणाऱ्या प्रत्येक साधूने व सद्भक्ताने झोळीत वा पिशवीत एक लहान वही ठेवावी, पाहिलेल्या खुणा त्याच दिवशी लिहाव्यात आणि परतल्यावर त्या आपल्या मठात द्याव्यात. मागून येणाऱ्याला त्या वहीतून वाट सापडली, तर ती वहीसुद्धा स्थानाच्या सेवेत रुजू झाली असे समजावे.

दंडवत प्रणाम.